विचार, विचारणे आणि ‘थिंक’

एका मराठी विभागात पीएच.डी.साठी काम करणाऱ्या विद्यार्थिनीच्या वहीत एक वाक्य कित्येक महिने अडून राहिले होते. कादंबऱ्यांतील कल्पित भाषा आणि त्यांच्या भाषांतराचे प्रश्न हा तिचा विषय. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीला जोडलेल्या ‘न्यूस्पीकची तत्त्वे’ या परिशिष्टाचे मराठी भाषांतर तिने प्रबंधासाठी हाती घेतले होते. परिशिष्ट मोठे नाही. त्यातील बहुतेक मजकूर आठ-दहा बैठकींत उतरला. ‘थिंक’ या क्रियापदाविषयीचे वाक्य मात्र उतरेना. वहीत त्या जागी पेन्सिलीने चार पर्याय लिहिलेले होते आणि चारही खोडलेले होते. प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ येत होती. एवढ्याशा शब्दासाठी कशाला थांबायचे, असे विभागातल्या हितचिंतकांचे म्हणणे होते. त्यात गैर काहीच नव्हते. तथापि तो शब्द एवढासा नव्हता.

ऑर्वेलचे म्हणणे थोडक्यात असे : न्यूस्पीकमध्ये कोणताही शब्द नाम, क्रियापद, विशेषण किंवा क्रियाविशेषण म्हणून वापरता येई आणि नाम व क्रियापद यांचे मूळ एकच असेल तर त्यांच्या रूपांत भेद ठेवला जात नसे. या नियमामुळे अनेक जुने शब्द निरुपयोगी ठरले. ‘थॉट’ हे नाम त्यांपैकी एक. ते भाषेतून गेले आणि ‘थिंक’ हाच शब्द नाम आणि क्रियापद या दोन्ही नात्यांनी नांदू लागला. जुन्या भाषेतले ‘थॉट पोलीस’ नव्या भाषेत ‘थिंकपोल’ झाले. ‘क्राइमथिंक’, ‘डबलथिंक’, ‘गुडथिंक’ ही सर्व त्याच मुळाची संतती. भूतकाळाची अनियमित रूपेही रद्द झाल्यामुळे ‘थिंक’चा भूतकाळ ‘थिंक्ड’ होई.

वरवर पाहता ही व्याकरणाची साफसफाई आहे, आणि तशी ती करू पाहणारे लोक ऑर्वेलच्या जवळपास होते. १९२८-२९ मध्ये तो पॅरिसमध्ये असताना त्याची मावशी नेली लिमूझँ तेथेच राहत होती. तिचे सहजीवन होते युजीन आदाँ ऊर्फ लांती याच्याशी. लांती हा एस्पेरांतो चळवळीतला मोठा कार्यकर्ता, १९२१ साली स्थापन झालेल्या जागतिक कामगार एस्पेरांतो संघटनेचा संस्थापक. झामेनहोफने १८८७ मध्ये जाहीर केलेल्या या भाषेत ‘पेन्स’ या मुळाला ‘इ’ लावले की क्रियापद, ‘ओ’ लावले की नाम आणि ‘आ’ लावले की विशेषण होते. एका मुळातून सर्व शब्दजाती पाडण्याची ही युक्ती न्यूस्पीकच्या नियमाची सख्खी बहीण म्हणता येईल. फरक एवढाच, की एस्पेरांतोने नाम आणि क्रियापद यांतला भेद प्रत्ययाने जपला होता.

दुसरा शेजार अधिक जवळचा. सी. के. ऑग्डेन हा ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ (१९२३) या ग्रंथाचा आय. ए. रिचर्ड्सबरोबरचा सहलेखक. मराठी समीक्षेच्या विद्यार्थ्याला रिचर्ड्स पुष्कळ परिचित असतो, ऑग्डेन त्यामानाने कमी. १९३० साली ऑग्डेनने ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. शब्दसंख्या ८५० आणि क्रियापदे अवघी १८. क्रियापदांविषयीचा हा अविश्वास त्याने जेरेमी बेंथमकडून घेतला होता. क्रियापद हाती धरता येत नाही, नाम धरता येते, अशी बेंथमची धारणा होती. त्या १८ क्रियापदांत येणे, जाणे, घेणे, देणे, ठेवणे, करणे, म्हणणे, पाहणे या अर्थांची क्रियापदे आहेत. ‘थिंक’ नाही. नामांच्या यादीत मात्र ‘थॉट’ आहे. बेसिकमध्ये माणूस ‘थिंक’ करत नाही, त्याच्यापाशी ‘थॉट’ असतो किंवा तो कशाला तरी ‘थॉट’ देतो.

ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या पौर्वात्य विभागात हिंदुस्थानसाठीच्या कार्यक्रमांचे काम पाहत होता आणि बेसिकविषयी त्याला प्रारंभी आस्था होती. त्याने इंग्रजीत लिहिलेली युद्धविषयक वार्तापत्रे हिंदुस्थानी भाषांत भाषांतरित होऊन प्रक्षेपित होत. त्या भाषांत मराठीही होती. वेणू चितळे या विभागात त्याच्या सहकारी होत्या. म्हणजे न्यूस्पीक लिहिली जाण्यापूर्वीच ऑर्वेलची वाक्ये मराठीत उतरत होती. एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत, तोही प्रचाराच्या गरजेपोटी आणि अभ्यवेक्षकाच्या नजरेखालून नेताना शब्दांचे काय होते, हे त्याने आपल्या टेबलावर पाहिले होते.

न्यूस्पीक म्हणजे बेसिकचे विडंबन, असे सर्रास म्हटले जाते. शब्दसंख्येच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण ‘थिंक’पुरते पाहिले तर दोन्ही भाषा परस्परविरुद्ध दिशांना जातात. बेसिकने क्रियापद टाकले आणि नाम ठेवले. न्यूस्पीकने नाम टाकले आणि क्रियापद ठेवले. परोपकारी सुधारकाला क्रिया अडचणीची वाटली, हुकूमशाही पक्षाला वस्तू अडचणीची वाटली. असे का व्हावे?

नामाचे कार्य काय, हे यासाठी पाहावे लागते. क्रिया घडते आणि सरते. नाम तिला थांबवते, तिला आकार देते, तिच्याकडे पुन्हा वळून पाहण्याची सोय करते. ‘थॉट’ हाती असला की तो दुसऱ्याला देता येतो, लिहून ठेवता येतो, काल एक होता आणि आज दुसरा आहे अशी तुलना करता येते, त्याचे खंडन करता येते. शिवाय इंग्रजीत ‘थॉट’ हे रूप नामाचे आहे तसेच ‘थिंक’च्या भूतकाळाचेही आहे. पूर्वी कोणीतरी मनात केलेली क्रिया आणि तिच्यातून उरलेली गोष्ट एकाच उच्चारात सामावतात. न्यूस्पीकने दोन्हींवर एकदम पाणी सोडले. नाम ‘थिंक’ झाले, भूतकाळ ‘थिंक्ड’ झाला. उरली ती मागे काहीही न ठेवणारी क्रिया. ज्या राज्यात कालचे वर्तमानपत्र आज दुरुस्त होते आणि जुनी प्रत भट्टीत जाते, त्या राज्याला हेच क्रियापद शोभते. पक्षाला मेंदूचे काम बंद पाडायचे नाही. ‘डबलथिंक’ करायला तर अत्यंत तल्लख बुद्धी लागते. पक्षाला नको आहे तो त्या कामाचा साठा. आणि शेवटचे ध्येय तर त्याही पलीकडचे. मेंदूचा संबंधच न येता स्वरयंत्रातून शब्द बाहेर पडावेत, याला तेथे ‘डकस्पीक’ असे नाव आहे.

इथवर विश्लेषण इंग्रजीपुरते चालते. मराठीत ते आणायचे म्हणताच पेच पडतो. मराठीत ‘थिंक’ला रूढ प्रतिशब्द ‘विचार करणे’. म्हणजे नाम अधिक ‘करणे’. ‘थॉट हे नाम उरले नाही, क्रियापदच त्याचे काम करू लागले’ हे मराठीत म्हणायला जावे तर ‘विचार’ हे नाम काढल्याबरोबर क्रियापदही कोसळते. हाती उरते नुसते ‘करणे’. न्यूस्पीकच्या मुळाशी असलेला भेद, म्हणजे दोन वेगळ्या शब्दांपैकी एक गाळणे, मराठीत या जागी मुळात नाही. रचनेच्या दृष्टीने येथे मराठी बेसिकच्या पंक्तीला बसते. विद्यार्थिनीचा पहिला पर्याय असा खोडला गेला.

दुसरा पर्याय नियमाला धरून होता. नाम व क्रियापद एकाच मुळाचे करायचे, तर ‘विचार’ला क्रियापदाचा प्रत्यय लावावा. रूप तयार होते ‘विचारणे’. आणि येथे भाषा पक्षाच्या हातून निसटते. ‘विचारणे’ म्हणजे प्रश्न करणे. न्यूस्पीकचा नियम मराठीला प्रामाणिकपणे लावला तर विचार करणारा प्रत्येक नागरिक व्याकरणाच्या बळावर विचारू लागेल. पोलिसांचे नाव ‘विचारपोल’ ठेवले तर ते विचारांवर पहारा ठेवणारे की विचारणा करणारे, हे कळेनासे होईल. जे टाळण्यासाठी कोश लिहायचा, तेच कोशाच्या पहिल्या नियमातून परत येते.

हा केवळ शाब्दिक योगायोग नव्हे. संस्कृतातील वि-पूर्वक ‘चर्’ या धातूच्या प्रयोजक रूपाचा अर्थ मनाशी तोलणे, निर्णय करणे असा आहे. जुन्या मराठीतही ‘विचारणे’ या अर्थाने येते. पुढे मनातले तोलणे मागे पडले आणि दुसऱ्याला पुसणे पुढे आले. मूळचे ‘पुसणे’ ‘विचारपूस’ या जोडशब्दात सांभाळले गेले आणि एरवी फळा पुसण्यापुरते राहिले. शेजारच्या भाषांकडे पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. गुजरातीत ‘विचारवुं’ म्हणजे विचार करणेच, प्रश्नासाठी ‘पूछवुं’ वेगळे. हिंदीत ‘सोचना’ आणि ‘पूछना’ दूर दूर उभे आहेत. कन्नडात मात्र ‘विचारिसु’ म्हणजे चौकशी करणे आणि तमिळमध्येही याच मुळाचे क्रियापद चौकशीच्याच अर्थाने नांदते. मराठी येथे दक्षिणेच्या बाजूला उभी राहते. कोकणीतही ‘विचारप’ म्हणजे प्रश्न करणे. पण कोकणीने विचार करण्यासाठी ‘चिंतप’ हे स्वतंत्र क्रियापद रोजच्या बोलण्यात राखले आहे.

तिसरा पर्याय त्यावरूनच सुचलेला : ‘चिंतणे’. ‘चिंतन’ हे नाम गाळावे आणि ‘चिंत’ हाच शब्द दोन्ही कामांना लावावा. आकृतीच्या दृष्टीने हा पर्याय बिनचूक होता. ‘चिंतपोल’, ‘दुचिंत’ असे शब्दही त्यातून बनत होते, आणि त्यांपैकी ‘दुचिंत’ तर मराठी वाटावा इतका सहज. पण परिशिष्टात ‘थिंक’ येतो तो ‘अ’ शब्दसंग्रहाच्या विवेचनात. खाणे, पिणे, काम करणे, कपडे घालणे, जिना चढणे-उतरणे यांसाठी लागणारे हे शब्द. मराठीत कोणी जिन्यावर उभे राहून चिंतत नाही. ‘भले चिंतणे’, ‘वाईट चिंतणे’ एवढ्यापुरते ते क्रियापद जिवंत आहे. बाकी ठिकाणी ते पोथीतले वाटते. भाषेची पातळी बदलली की ऑर्वेलच्या योजनेतले भय जाते. ते भय साधेपणाचे आहे. ‘थिंक्ड’मध्ये नवे भाषाशास्त्र नाही, लहान मूल जे चुकीने म्हणेल तेच आता शासनमान्य झाले आहे. मराठीत त्याचे खरे जुळे ‘चिंतले’ नव्हे. ते ‘केले’च्या जागी आलेले ‘करले’ आहे. ‘मी विचार करला’ हे वाक्य बोलणारे तीन वर्षांचे मूल घराघरात असते. हे वाक्य पन्नाशीचा अधिकारी गंभीरपणे बोलतो आहे, अशी कल्पना केली म्हणजे न्यूस्पीकचा स्वर कानी पडतो.

चौथा पर्याय ‘वाटणे’. मराठी माणूस दिवसाकाठी सर्वाधिक विचार या क्रियापदातून करतो. ‘मला वाटते’ यात कर्ता चतुर्थीत जातो, विचार त्याला घडतो, तो विचार घडवत नाही. भाव आणि मत यांच्यातली सीमारेषाही तेथे पुसट असते. एका कल्पित भाषेने हेच जाणीवपूर्वक केले आहे. सोन्या लँग या कॅनडातील लेखिकेने २००१ मध्ये ‘तोकी पोना’ ही भाषा मांडली. २०१४ च्या तिच्या पुस्तकात सुमारे १२० शब्द आहेत. म्हणजे ऑग्डेनच्या ८५० शब्दांसमोरही ही भाषा अत्यल्प ठरते. तेथे ‘पिलिन’ हा शब्द हृदय, भावना आणि वाटणे या सर्वांसाठी पुरतो, आणि ‘मला असे वाटते’ हेही त्यानेच सांगितले जाते.

तोकी पोनाचा दाखला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. शब्द गाळले की विचार गळतो, हे न्यूस्पीकमागचे गृहीतक आहे. भाषिक सापेक्षतावादाच्या आत्यंतिक रूपाशी ते जुळते आणि त्या आत्यंतिक रूपाला आज भाषाविज्ञानात फारसा आधार उरलेला नाही. १२० शब्दांची भाषा बोलणारे लोक त्या भाषेत वाद घालतात, विनोद करतात, कविता लिहितात. शब्द नसला की ते दोन शब्द जोडतात, वाक्य लांबवतात, वळसा घेतात. म्हणून दडपशाही शब्दसंख्येत असते असे म्हणता येत नाही. ती वळसा घेण्याला बंदी करण्यात असते. न्यूस्पीकला कोश पुरत नाही, तिला टेलिस्क्रीन लागतो, कोठडी लागते. ऑर्वेलने हे कादंबरीतच दाखवले आहे. कोशाच्या अकराव्या आवृत्तीवर झटणारा साइम हा पक्षाचा निष्ठावंत. तरीही तो नाहीसा होतो. शब्द नष्ट केल्याने काय साधते हे त्याला नीट समजले होते, आणि ते तो बोलून दाखवत होता. क्रियापद काढणाऱ्याच्या ठायी ते क्रियापद शिल्लक राहिले होते.

या परिशिष्टासाठी ऑर्वेलने काय पणाला लावले होते, तेही पाहण्यासारखे आहे. कादंबरीची अंतिम प्रत त्याने १९४८ च्या अखेरीस ज्यूरा बेटावरील घरात, क्षयाने खंगलेल्या अवस्थेत, बरीचशी अंथरुणात बसून स्वतः टंकलिखित केली. १९४९ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या ग्रंथमंडळाने पुस्तक स्वीकारण्यासाठी अट घातली, की गोल्डस्टाइनच्या ग्रंथाचा भाग आणि परिशिष्ट वगळावे. नकार दिला तर मोठ्या रकमेवर पाणी सोडावे लागणार होते. ऑर्वेलने नकार दिला. पुढे मंडळानेच माघार घेतली आणि पुस्तक अखंड निघाले. २१ जानेवारी १९५० रोजी तो वारला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, उपचारांना पैसा लागत असताना, एक माणूस व्याकरणाच्या काही पानांसाठी अडून बसला होता.

त्या पानांत असे काय आहे? त्यांचा काळ. परिशिष्ट आरंभापासून भूतकाळात आहे. न्यूस्पीक ही ओशनियाची भाषा ‘होती’. लिहिणारा निवेदक जुन्या, समृद्ध इंग्रजीत लिहितो, ‘थॉट’ हा शब्द निर्धास्तपणे वापरतो आणि तो शब्द नाहीसा झाल्याची नोंद करतो. त्यावरून न्यूस्पीक टिकली नाही असा अर्थ अनेक अभ्यासकांनी काढला आहे. तो मान्य केला वा न केला, तरी एवढे निश्चित, की शब्दाच्या मृत्यूची नोंद करणारे वाक्य त्या शब्दाशिवाय लिहिता येत नाही.

आपल्याकडे मात्र ‘विचार’ या नामाला काही धोका आहे असे दिसत नाही. विचारवंत, विचारधारा, विचारपीठ, विचारधन, विचारमंथन. हे नाम मराठीत वाढतेच आहे. अमुकांचे विचार, तमुकांचे विचार असे त्यांचे संच निघतात, जयंतीला ते ऐकवले जातात, परीक्षेत ते ‘स्पष्ट करा’ म्हणून सांगितले जाते आणि उत्तरपत्रिकेत ते उत्तम रीतीने स्पष्टही होतात. विचार हाती धरता येतो, मांडता येतो, पुढे नेता येतो, त्याचा वारसा सांगता येतो. तो करावा लागत नाही. ऑर्वेलच्या पक्षाने साठा नष्ट केला आणि क्रिया ठेवली. येथे साठा जतन होतो आणि क्रिया आटते. बेसिकच्या यादीत ठरवून जे केले होते, ते एका समृद्ध भाषेत कोणीही न ठरवता घडू शकते. कल्पित भाषेचा अभ्यास हा करमणुकीचा विषय नाही, असे म्हणण्याला आधार आहे तो इथे.

त्या विद्यार्थिनीच्या मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी हाच धागा धरला. त्यांनी प्रकरणाची स्तुती केली आणि मग म्हणाले, “बाई, यात इतरांचे विचार तुम्ही फार नेटकेपणाने मांडलेत. तुमचा विचार कोणता?”

ती थोडी थांबली. म्हणाली, “सर, मला वाटतं, माझ्याजवळ विचार नाही. मी फक्त विचारत राहिले.”

खोलीत हशा पिकला. परीक्षकही हसले, पण त्यांनी प्रश्न मागे घेतला नाही. तेव्हा तिने ते अडलेले वाक्य वाचून दाखवले. मजकुरात अखेर तिने ‘थिंक’ तसेच ठेवले होते. शब्द अनुवादित केला नव्हता, पण त्याच्यापाशी आपण का थांबलो, हे चार पाने भरून सांगितले होते. मराठीत नियम लावला असता तर हाती ‘विचारणे’ आले असते आणि योजना बिघडली असती, एवढेच तिचे प्रतिपादन होते. परीक्षकांनी ती चार पाने पुन्हा उघडली आणि पुढचा अर्धा तास मूळ विषय बाजूला राहून ‘विचारणे’वर बोलणे झाले.

ऑर्वेलच्या परिशिष्टाचा शेवट भाषांतराच्या उल्लेखाने होतो. शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट, बायरन, डिकन्स यांना न्यूस्पीकमध्ये आणण्याचे काम संथ आणि अवघड होते. त्यासाठी वेळ मिळावा म्हणूनच मुख्यतः न्यूस्पीकच्या संपूर्ण स्वीकाराची तारीख २०५० इतकी दूर ठेवली होती. म्हणजे पक्षाची सारी यंत्रणा भाषांतरकारांसाठी खोळंबली होती. कोणत्या तरी कचेरीत, कोणत्या तरी टेबलावर, कोणी तरी एखाद्या शब्दापाशी अडून बसले असणार. प्रबंध तीन महिने उशिरा सादर झाला, ही गोष्ट त्या विद्यार्थिनीच्या वैयक्तिक नोंदीत विलंब म्हणून राहील. तिच्या वहीत चार खोडलेले पर्याय अजून तसेच आहेत. त्यांपैकी दुसऱ्यावरची रेघ तिने नंतर पुसली.